गाडी सुरू होते, पण दिवा लागत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणाचे विषय बहुधा ठरलेले असतात. मुलांचे संगोपन, घरखर्चाची काटकसर, पथ्यपाणी, झालेच तर एखादे नवे पुस्तक. चिटणीसबाईंनी या वर्षी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, "मी मोटारसायकलच्या दिव्यावर बोलेन." त्या हसल्या. त्यांना वाटले, बाई थट्टा करीत आहेत. पण आज आत येताना दारात लावलेल्या गाड्या आपण सर्वांनीच पाहिल्या असतील. कोणी स्कूटर घेऊन आले आहे, कोणी मुलाची मोटारसायकल. बँकेत, भाजीला, दवाखान्यात, मुलीला क्लासहून आणावयास, सगळीकडे आपण या गाडीवरच जातो. स्वयंपाकाच्या शेगडीइतकी जी वस्तू आपण रोज वापरतो, तिच्याविषयी शेगडीइतकीही माहिती आपल्याला नसावी, हे काही बरे नाही.

शेगडी पेटली नाही तर आपण लगेच माणूस बोलावतो का? नाही. सिलिंडर संपला का ते आधी पाहतो. मग रेग्युलेटरचे बटण, मग नळी, मग बर्नरची भोके. हा क्रम आपल्याला कोणी वर्गात बसवून शिकवला नाही, पण तो हातात बसला आहे. गाडीच्या दिव्यालाही असाच एक क्रम आहे. तो एकदा समजला की निम्म्या वेळा दोष घरीच सापडतो आणि उरलेल्या वेळी मिस्त्रीला नेमके काय सांगावे ते कळते. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

आता कोणी म्हणेल, रस्त्यावर एवढे विजेचे खांब आहेत, आपल्या दिव्यावाचून अडते कोठे? भगिनींनो, गाडीचा दिवा दोन कामे करतो. एक, आपल्याला रस्ता दाखवतो. दुसरे, आपण येत आहोत हे दुसऱ्याला दाखवतो. पहिले काम खांबावरचा दिवा थोडेफार करील. दुसरे मात्र आपल्याच दिव्याला करावे लागते. विशेषतः तिन्हीसांजेला, जेव्हा आपल्याला सगळे दिसत असते, पण टेंपोवाल्याला त्याच्या आरशात आपण दिसत नसतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. हिवाळ्याचे दिवस होते. क्लास सुटला तेव्हा अंधारू लागले होते. तिने बटण दाबून गाडी सुरू केली, दिवा लागला नाही. घर जेमतेम दोन किलोमीटर, रस्ता रोजचा, म्हणून ती तशीच निघाली. वाटेत समोरून येणारी एक मोटार उजवीकडे वळली. चालवणाऱ्याला ही दिसलीच नाही. मुलगी वाचली, पण मनगट मोडले आणि परीक्षा हुकली. पुढे गाडी दुरुस्तीला दिली तेव्हा दिव्याचा दोष सापडला तो केवढा? सेल्फच्या बटणाच्या आत चिमूटभर मळ साचला होता. त्या मळाविषयी मी पुढे सांगणारच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न : आपली गाडी कोणत्या काळातली आहे? कारण जो दोष वाटतो, तो पुष्कळदा दोष नसतोच.

आपल्यातल्या काही जणींनी लूना चालवली असेल. १९७२ साली ती आली आणि पुण्यासारख्या शहरात कितीतरी बायका तिच्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या वाहनावर बसल्या. त्या गाडीचा दिवा बॅटरीवर चालत नसे, मॅग्नेटोवर चाले. मॅग्नेटो म्हणजे सायकलच्या डायनॅमोचा थोरला भाऊ. पायडल जोरात मारले की सायकलचा दिवा झगझगीत आणि चढावर मिणमिणता, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. पुष्कळ जुन्या स्कूटर आणि मोटारसायकली याच जातीच्या. इंजिन चालू असल्यावाचून त्यांचा दिवा लागतच नाही आणि चौकात गाडी सावकाश धुगधुगत असली की तो मंद होतो. हा त्यांचा स्वभाव आहे, रोग नव्हे. पुढे १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बिनागिअरची आणि बटणावर सुरू होणारी. बटणावर सुरू व्हायचे तर बॅटरी दमदार हवी, म्हणून हळूहळू गाड्यांत बॅटरीचे महत्त्व वाढत गेले आणि पुष्कळ गाड्यांचा पुढचा दिवाही बॅटरीवर आला.

तिसरी जात सर्वांत नवी. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या दुचाकींना पुढचा दिवा आपोआप लागण्याची सक्ती झाली. या गाड्यांच्या हँडलवर दिवा बंद करावयाचे बटणच नसते, फक्त अप्पर आणि डिपर असतो. दिवसाउजेडी दिवा लावून जाणाऱ्या गाडीकडे पाहून आपण हाताने खूण करतो, "बाई, दिवा चालू राहिला आहे!" ती बाई विसरभोळी नाही. तो दिवा मी सांगितलेल्या दुसऱ्या कामासाठी जळत आहे, दिसण्यासाठी. या गाड्यांपैकी पुष्कळशांत किल्ली फिरवल्याबरोबर दिवा लागत नाही. इंजिन सुरू झाले की मगच लागतो, म्हणजे बॅटरीचा जोर गाडी सुरू करण्याकरिता राखला जातो. काही गाड्यांत किल्लीबरोबरच लागतो. आपली गाडी कोणत्या रीतीची आहे, हे ती नीट चालत असतानाच पाहून ठेवावे. कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले गाडीचे माहितीपुस्तक एकदा काढून वाचावे. निरोगीपणी नाडी माहीत असली तर आजारात उपयोग होतो.

आता वीज दिव्यापर्यंत कशी येते ते पाहू. गच्चीवरच्या टाकीचे पाणी स्वयंपाकघरात कसे येते? टाकी, मुख्य कॉक, मग नळ, वाटेत एखादा कॉक, शेवटी तोटी. तोटीखाली मोरी. बॅटरी ही टाकी. फ्यूज आणि किल्लीचे कुलूप हे मुख्य कॉक. त्यापुढे हँडलवरची बटणे. काही गाड्यांत मध्ये रिले नावाची डबी असते. बटण दाबले की ती टक् असा आवाज करून वीज पुढे सोडते. मग डिपरचे बटण, मग बल्बचा होल्डर आणि बल्ब. एवढ्यावर संपत नाही. मोरी तुंबली तर पाणी वाहत नाही, तसे बल्बमधून गेलेली वीज परत बॅटरीकडे गेली पाहिजे. ती गाडीच्या सांगाड्यातून परत जाते. या परतीच्या वाटेला मिस्त्री "अर्थ" म्हणतात. अर्थ सैल झाला, त्याच्या स्क्रूखाली गंज चढला की बल्ब नवा कोरा असूनही लागत नाही. निम्मे लोक पुढची वाट तपासतात आणि परतीची विसरतात.

ही वाट डोळ्यांपुढे ठेवून आता आपण गाडीला क्रमाने प्रश्न विचारू. हाताला तेल न लागता विचारता येतील असे हे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न : अप्पर आणि डिपर, दोन्ही गेले आहेत की एकच? साध्या हॅलोजन बल्बमध्ये बहुधा दोन तारा असतात, एक जवळच्या उजेडाची, दुसरी दूरच्या. डिपर लागत नाही पण अप्पर लागतो, असे असेल तर बॅटरी, फ्यूज, किल्ली सगळे ठीक आहे. जवळची तार जळाली असावी, नाहीतर डिपरच्या बटणात दोष असावा. दोन्ही तारा एकाच वेळी जळणे क्वचित घडते. तेव्हा दोन्ही गेले असतील तर बल्बच्या आधी फ्यूज, होल्डर आणि अर्थ यांच्यावर संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न : हॉर्न वाजतो का, इंडिकेटर लागतात का? दोन्ही मेले असतील तर दोष दिव्यात नाहीच, टाकीपाशी आहे. बॅटरी उतरली आहे, तिची तार सैल आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. हॉर्न रडका वाजत असेल आणि सेल्फ नुसता टकटक करीत असेल तर बॅटरी थकली आहे. मात्र मॅग्नेटोवरच्या जुन्या गाड्यांना हा प्रश्न पुरत नाही. त्यांच्यात हॉर्न बॅटरीवर आणि पुढचा दिवा इंजिनावर, असे दोन संसार असू शकतात. हॉर्न खणखणीत वाजला म्हणून दिव्याची वाट मोकळी आहे असे तेथे समजू नये.

तिसरा प्रश्न : पासिंगचे बटण दाबले तर दिवा चमकतो का? समोरच्याला इशारा देण्यासाठी डाव्या हाताच्या तर्जनीपाशी हे बटण असते. ते अप्परच्या तारेला बहुधा स्वतंत्र वाटेने वीज देते. पासिंगने दिवा चमकला आणि एरवी लागत नाही, याचा अर्थ बल्बची अप्परची तार शाबूत आहे, अर्थही शाबूत आहे, दोष मधल्या बटणांत किंवा रिलेत आहे. एका बोटाने दाबायची ही परीक्षा फार मोलाची आहे. ती घेतली असती तर कितीतरी चांगले बल्ब उगाच बदलले गेले नसते.

चौथा प्रश्न : हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवले तर दिवा लागतो-विझतो का? तारांचा सगळा जुडगा हँडलच्या मानेपाशी रोज शेकडो वेळा वाकतो. साडीच्या घडीवर जसे सूत विरते, तशी वायर तेथे आतून तुटते. वरचे वेष्टन मात्र धड दिसते.

आता सेल्फच्या बटणातला तो मळ. सेल्फची मोटर गाडी फिरवते तेव्हा ती बॅटरीतून दिव्याच्या कितीतरी पट वीज एकदम ओढते. म्हणून पुष्कळ मोटारसायकलींत अशी योजना असते की, सेल्फचे बटण दाबताच तेवढ्यापुरता पुढचा दिवा तुटावा आणि बटण सोडले की पुन्हा जोडला जावा. घरात पाहुणे आले की आपण मुलांना थोडा वेळ अंगणात पाठवतो, तसेच. हे काम बटणाच्या आतली तांब्या-पितळेची लहानशी टोके करतात. दिव्याची सगळी वीज या टोकांवरून जाते आणि प्रत्येक दाबण्याबरोबर तेथे बारीक ठिणगी पडते. ठिणगीने काजळी धरते, पावसाचे पाणी शिरते, धूळ बसते. मग एक दिवस असे होते की बटण दाबले, गाडी सुरू झाली, बटण सोडले, पण आतली टोके पुन्हा नीट टेकलीच नाहीत. गाडी धडधडत आहे, हॉर्न वाजत आहे, इंडिकेटर लागत आहेत, आणि पुढचा दिवा तेवढा गप्प. गाडी सुरू होतानाच दिवा जाण्याचे हे एक ठळक कारण आहे.

याची ओळख सोपी आहे. ज्या गाडीत किल्लीबरोबर दिवा लागतो, तेथे किल्ली फिरवल्यावर दिवा लागलेला दिसतो, सेल्फ मारताच जातो आणि परत येत नाही. बटणाला अंगठ्याने अगदी हलकेच आजूबाजूला हलवले तर दिवा लुकलुकतो. तात्पुरता उपाय म्हणजे इंजिन आणि किल्ली बंद करून ते बटण पंधरा-वीस वेळा पूर्ण दाबावे आणि सोडावे, म्हणजे टोके एकमेकांवर घासून थोडी साफ होतात. इंजिन चालू असताना सेल्फचे बटण दाबू नये, त्याने सेल्फच्या दातांना आणि क्लचला इजा होऊ शकते. कायमचा उपाय म्हणजे बटणाची डबी उघडून टोके बारीक पॉलिश पेपरने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने साफ करणे. आतली स्प्रिंग आणि गोळी उडून हरवण्याजोगी असते, तेव्हा सवय नसेल तर हे काम मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. पण "सेल्फच्या बटणाचे पॉइंट साफ करून द्या" असे आपण म्हणालो, तर गोष्ट किरकोळ पैशांत भागते.

फ्यूजचा विषय थोडक्यात, पण नीट ऐकावा. फ्यूजची डबी बहुधा बॅटरीजवळ, सीटखाली किंवा पायापाशी झाकणाआड असते. पुष्कळ गाड्यांत त्याच डबीत एखादा जादा फ्यूज ठेवलेला असतो. पात्याच्या फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेले असतात. १० अँपियरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा. उजेडासमोर धरला की आतली तार तुटलेली दिसते. गेलेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा घालावा. चॉकलेटची चांदी गुंडाळणे, तांब्याची तार अडकवणे, मोठ्या आकड्याचा फ्यूज घालणे, हे प्रकार कृपा करून कोणी करू नयेत आणि करू देऊ नयेत. फ्यूज हा घराचा पहारेकरी आहे. तो स्वतः जळून वायरींना वाचवतो. त्याच्या जागी तार घातली तर पुढच्या वेळी वायरिंग जळते आणि जवळच पेट्रोलची टाकी असते. नवा फ्यूजही लगेच गेला तर कोठेतरी वायर सोलून सांगाड्याला चिकटली आहे असे समजावे आणि तिसरा फ्यूज न घालता गाडी गॅरेजला न्यावी.

वायरी सोलण्याचे एक कारण आपल्या सोसायट्यांत घरोघर आहे. ते म्हणजे उंदीर. आठ-पंधरा दिवस गाडी एका जागी उभी राहिली की तो आत शिरतो आणि वायरींचे वेष्टन कुरतडतो. सुट्टीहून परतल्यावर दिवा लागत नसेल तर आधी सीटखाली डोकावून लेंड्या दिसतात का पाहा. दुसरे कारण पाणी. पावसाळ्यात, किंवा जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतल्यावर, वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी शिरते आणि आतल्या पितळेवर हिरवट गंज चढतो. रत्नागिरी, मालवण, गोवा या बाजूला खाऱ्या वाऱ्यामुळे हे अधिक लवकर होते. कपलर काढून, पुसून, वाळवून पुन्हा घट्ट बसवणे एवढ्यानेही कधी कधी दिवा लागतो.

आता बल्बविषयी. साध्या दुचाकींत पुष्कळदा ३५ वॅटचा आणि मोठ्या मोटारसायकलींत ५५-६० वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ३५ वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपियर वीज घेतो. वायरी आणि होल्डर त्या हिशेबाने बनवलेले असतात. पण "जादा उजेड पडेल" म्हणून कोणी ९०-१०० वॅटचा बल्ब बसवून देतो. तो ८ अँपियर घेतो. चार दिवस उजेड झकास पडतो, मग होल्डरचे प्लॅस्टिक मऊ होते, टोके काळी पडतात आणि एक दिवस दिवा लागत नाही. मग पुन्हा नवा बल्ब आणला जातो. बल्ब बिचारा निर्दोष असतो, होल्डर वितळलेला असतो. म्हणून बल्ब काढाल तेव्हा होल्डर उलटा करून पाहा. तो पिवळा-तपकिरी झालेला असला, जळका वास येत असला, तर आधी होल्डर बदला.

बल्ब बदलणे मुळीच कठीण नाही. किल्ली बंद करावी, दिवा थंड होऊ द्यावा, मागची रबरी टोपी काढावी, होल्डर सरळ ओढावा, तारेची क्लिप बाजूला करावी. नवा बल्ब पत्र्याच्या कडेला धरून बसवावा. काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्बचे आयुष्य कमी होते. लागलेच बोट, तर स्वच्छ फडक्याने स्पिरिट लावून पुसावे. बल्ब वारंवार जात असतील, तर मात्र दोष बल्बांत शोधू नये. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले पाहिजेत. पंधराच्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बल्बच काय, बॅटरीही खाईल. इंजिन बंद करून गाडी विसावली असता साडेबाराच्या आसपास आकडा हवा. बाराच्या खाली असेल तर बॅटरी उतरली आहे. हे मापायचा मीटर कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो आणि आपल्या मुलांना तो हाताळावयास फार आवडते.

नव्या गाड्यांत एलईडी दिवे असतात. त्यांत बदलण्याजोगा बल्ब बहुधा नसतो. फ्यूज, बॅटरी आणि कपलर एवढे पाहून झाले की तेथे आपले काम संपते. आत काडी घालून पाहण्यात अर्थ नाही. गाडी हमीच्या मुदतीत असली तर कंपनीच्या दुकानातच दाखवावी, कारण बाहेर वायर तोडली-जोडली की हमी नाकारली जाऊ शकते.

मिस्त्रीशी कसे बोलावे, हेही शिकण्यासारखे आहे. डॉक्टरकडे जाऊन "मला बरे नाही" एवढेच सांगितले तर तो काय करील? गॅरेजात जाऊन आपण नुसते "लाइट बघा हो" म्हणतो. मग बल्ब बदलला जातो, मग बॅटरी, मग आणखी काही, आणि प्रत्येकाचे पैसे. त्याऐवजी सांगावे, "भाऊ, पासिंगने दिवा चमकतो, एरवी लागत नाही. हॉर्न ठीक आहे. फ्यूज पाहिला, शाबूत आहे. सेल्फ मारल्यावर दिवा जातो." चांगला मिस्त्री हे ऐकून खूश होतो, कारण त्याचा अर्धा तास वाचतो. जो तेवढा चांगला नसेल, तोही सावध होतो. आणि बदललेला जुना भाग नेहमी मागून घ्यावा. जुना भाग आपला आहे, तो मागण्यात संकोच कसला?

शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सगळे करूनही दिवा लागला नाही आणि बाहेर अंधारले आहे, तर काय करावे? डिपर गेला असेल आणि अप्पर लागत असेल, तर अगदी सावकाश, कडेने घरापर्यंत यावे. समोरच्याच्या डोळ्यांवर तो येतो याचे भान ठेवावे आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करावी. दोन्ही गेले असतील तर गाडी चालवू नये. मागे बसलेल्याने मोबाइलची बॅटरी दाखवणे हा दिवा नव्हे. त्याने ना रस्ता दिसतो, ना आपण दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लावणे बंधनकारक आहेच. पण दंडाच्या भीतीने नव्हे, त्या मुलीच्या मनगटाची आठवण ठेवून म्हणते. गाडी कुलूप लावून तेथेच ठेवावी, रिक्षाने यावे. घरच्यांनीही अशा वेळी "एवढ्यासाठी रिक्षाला पैसे कशाला?" असे म्हणू नये. उलट मुलींना आधीच सांगून ठेवावे, "दिवा लागला नाही तर फोन कर, कोणी रागावणार नाही." मुली दोन किलोमीटर अंधारात का येतात? पुष्कळदा उशिराबद्दल आणि खर्चाबद्दल ऐकून घ्यावे लागेल या धाकानेच येतात. हा धाक घालवणे आपल्या हातात आहे.

आणि अशी वेळ येऊ नये म्हणून एक साधी सवय. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी, गाडी भिंतीसमोर उभी करून सुरू करावी. भिंतीवर डिपर पाहावा, अप्पर पाहावा, पासिंग दाबावे. मग मागचा दिवा आणि दोन्ही ब्रेक दाबून ब्रेकचा दिवा, मग चारही इंडिकेटर. दोन मिनिटांचे काम आहे. देवापाशी दिवा लावला की लगेच हा दिवाही पाहावा, म्हणजे विसरणार नाही. डिक्कीत एक जादा बल्ब मऊ फडक्यात गुंडाळून, त्या-त्या आकड्याचे दोन फ्यूज आणि एक लहान स्क्रूड्रायव्हर ठेवावा. दागिन्यांच्या डबीएवढीही जागा लागत नाही.

मंडळाला माझी एक सूचना आहे. पावसाळा संपला की एका रविवारी सकाळी आपापल्या गाड्या घेऊन सर्वांनी मंडळाच्या पटांगणात यावे. एखाद्या भल्या मिस्त्रीला मानधन देऊन बोलवावे. फ्यूजची डबी कोठे आहे, बल्ब कसा निघतो, एवढे प्रत्येकीने स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या हाताने करून पाहावे. ज्या शेजारणी सभासद नाहीत त्यांनाही बोलवावे आणि आपल्या मुलग्यांनाही आणावे, कारण विनादिव्याची गाडी दामटण्यात तेच पुढे असतात.

  आता चहापान आहे. ते आटोपून घरी निघताना अंधार पडलेला असेल. तेव्हा गाडी सुरू केल्यावर समोरच्या भिंतीकडे एकदा पाहा आणि मगच निघा.